गुंठ्याचा भाव नळाला विचारा

कोल्हारला बदलून आल्यापासून माझ्या नावावर एक खोटी कीर्ती जमा झाली आहे. ओळखीतल्या कुणाला प्लॉट घ्यायचा असला की तो मला मोटारसायकलवर मागे बसवून नेतो. तिथे एजंट रोड टच, एनए, पूर्वमुखी असं सगळं घोकल्यासारखं बोलत असतो आणि मी मान वर करून आजूबाजूच्या गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या मोजत असतो. मग शेजारच्या घरातल्या बाईंना विचारतो, "ताई, तुमच्याकडे हंडा भरायला किती वेळ लागतो?" एजंटचा चेहरा तिथल्या तिथे उतरतो, आणि ज्यानं मला नेलेलं असतं तो, आमचे सर म्हणजे पोचलेला माणूस, अशा नजरेनं माझ्याकडे बघतो.

खरं सांगायचं तर यातलं काहीही माझं नाही. मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवतो. जमिनीचे भाव का चढतात यावर तास-तासभर फळा रंगवलेला आहे, आणि स्वतः प्लॉट घ्यायची वेळ आली तेव्हा त्यातलं एक अक्षर उपयोगी पडलं नाही. हंड्याचा प्रश्न संगमनेरच्या दशरथअण्णा कडलगांचा आहे. मी तो विनापरवाना वापरतो.

अण्णा पाणीपुरवठ्यात वॉल्व्हमन होते. आमच्या भागात माळावर एक उंच टाकी होती. तिच्यातून निघालेली एक मोठी लाइन उताराउतारानं खाली जायची, आणि त्या लाइनीवर रस्त्याच्या कडेला, लोखंडी झाकणांखाली, सात वॉल्व्ह होते. कुठल्या कॉलनीला कधी आणि किती पाणी मिळायचं ते या सात वॉल्व्हवर ठरायचं आणि सातही अण्णांच्या ताब्यात. कमरेएवढी उंच, वर आडवा दांडा असलेली लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते सकाळी सायकलवर निघायचे. वर्षानुवर्षं तोच खांदा वापरल्यामुळे डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली गेला होता. शिंपी दर वेळी माप चुकलं म्हणून स्वतःलाच दोष द्यायचा. शेवटी अण्णांनी त्याच्यावर दया करून तयार शर्ट घ्यायला सुरुवात केली, आणि ते तर आणखीनच वाकडे दिसायचे.

माणसं त्यांच्या डोक्यात नावानं नसायचीच. "तो दुसऱ्या वॉल्व्हवरचा वकील", "पाचव्यावरची मास्तरीण", "ते सातव्यावरचं मयत" अशी त्यांची दुनिया होती. लग्नाच्या पंगतीत शेजारी कोण बसलंय हे बघून ते हळूच म्हणायचे, "सर, ह्ये चौथ्यावरचे. बघा आता, पानी वाढलं की पेला भरून घेतील. सवयच लागती." आणि तो माणूस खरोखर पेला काठोकाठ भरून घ्यायचा. मला आजही पंगतीत लोकांच्या पेल्यांकडे बघायची खोड आहे.

आमची पहिली भेट प्लॉट बघतानाच झाली. माझी नोकरी कायम झाली होती, आणि भिंतीत एक खिळा ठोकू न देणाऱ्या घरमालकाला माझी बायको कंटाळली होती. एजंटनं दोन जागा दाखवल्या. एक शिक्षक कॉलनीत, दुसरी तिथून चालत दहा मिनिटांवर, उताराच्या शेवटी, सुखसागरनगरात. तीच काळी माती, तसाच तीस फुटी रस्ता, दोन्हीकडे तीच कडुलिंबाची झाडं. भाव मात्र खाली बरोबर निम्मा. मला वाटलं, लॉटरी लागली. एजंटला विचारलं, एवढा फरक कसा काय?

"सर, इकडं डेव्हलपमेंट यायचीय अजून. आत्ता घ्याल तर घ्याल. आणि पाणी तर चोवीस तास!"

रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून झाकण लावत असलेला एक माणूस मान न वळवता म्हणाला, "कोन्ते चोवीस?"

"अण्णा, तुमी तुमचं काम करा ना राव," एजंट कळवळून म्हणाला.

"माझं कामच चाललंय. सर, ह्ये चोवीस तास म्हनत्यात ते खोटं न्हाई. फक्त महिन्याचे मिळून हायेत."

एवढं बोलून ते उठले, समोरच्या घरातून एक हंडा मागून घेतला, अंगणातल्या नळाखाली लावला आणि मोठ्यानं आकडे मोजू लागले. मी, एजंट आणि घरातल्या बाई असे तिघं त्या करंगळीएवढ्या धारेकडे बघत उभे. अण्णा दीडशेपर्यंत आले तरी हंडा गळ्याशी पोचला नव्हता. "शिक्षक कॉलनीत मी चाळीस म्हनूस्तोवर भरतो," ते म्हणाले. "वर चाळिसाचा भाव हाय, हितं दीडशेचा. भाव दोन्हीकडं बरोबर हाय. ह्यो गडी तुमाला फसवत न्हाई, फक्त सांगत न्हाई." मी प्लॉट शिक्षक कॉलनीत घेतला, ठरवलं होतं त्याच्यापेक्षा लहान, आणि एजंटनं पुढे वर्षभर मला नमस्कार केला नाही.

अण्णांचं सगळं शास्त्र उतारावर उभं होतं. टाकीच्या पायथ्याला भाव सगळ्यात जास्त, आणि पाइप जसजसा खाली जाईल तसतसा भाव त्याच्याबरोबर उतरत जातो. शेवटच्या टोकाला ते टेल म्हणायचे. कालव्याच्या शेवटी ज्याचं शेत असतं त्याला आमच्याकडे टेलचा शेतकरी म्हणतात, तसं. मी एकदा हुशारी दाखवायला म्हटलं, अण्णा, शाळा, दवाखाने, बाजार यांनीसुद्धा भाव वाढतो की. तेव्हा ते चावीवर रेलून म्हणाले, "वाढतो ना. पन ते येतं कसं त्ये बघा. पयलं पानी येतं. पान्यामागं शिक्षक येत्यात, कारन त्यांच्या बायकांना साडेदहाला शाळेत जायचं असतं. शिक्षकामागं क्लासवाले. क्लासच्या पोरांमागं वडापाव. वडापावमागं डॉक्टर. आनि डॉक्टरनं घर बांधलं का मग आपल्यासारख्यानं तिकडं बघायचं न्हाई." पुस्तकात हा विषय वीस पानं आहे. मी ती वीस पानं शिकवत राहिलो, पण वडापावचं उदाहरण गुपचूप घालू लागलो.

हातात सात वॉल्व्ह असलेल्या माणसाला लाडू-चिवड्याची ददात नसते. दिवाळीत त्यांच्या सायकलच्या कॅरिअरला सातही वॉल्व्हवरची फराळाची पाकिटं लटकायची. ती ते घ्यायचे, नाकारायचे नाहीत. फक्त सगळी एकत्र करून शेवटी सुखसागरनगरात वाटून टाकायचे. "पानी टेलला पोचत न्हाई, निदान करंजी पोचू दे," असं त्यांचं म्हणणं. एकदा एका बिल्डरनं नव्या स्कीमच्या गेटवर कारंजं बसवलं आणि जाहिरातीत 'मुबलक पाणी' असं छापलं. अण्णांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि रोज एकदा कारंज्यासमोर सायकल थांबवून ते बंद आहे की चालू ते बघायला सुरुवात केली. काही बोलायचे नाहीत, नुसते बघायचे आणि जायचे. गिऱ्हाईक आलेलं असलं की जास्त वेळ बघायचे. पंधरा दिवसांत बिल्डरनं कारंज्यात माती भरून गुलाब लावले, आणि अण्णांनी त्याला मनापासून सांगितलं की गुलाब लई छान दिसत्यात.

एकदा मी त्यांना वर्गातही नेलं. मागणी-पुरवठा हा धडा होता. अण्णा चावीसकट आले, फळ्याशी उभे राहिले, घसा साफ केला आणि मुलांना म्हणाले, "ज्याच्या घरी नळ आला का आई वराडती, त्यानं हात वर करा." निम्मा वर्ग हसत हात वर करून मोकळा झाला. मग सुखसागरनगरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, आमच्याकडं ताईला बघायला पाव्हणे येणार असले ना, तर पाण्याच्या दिवशीच बोलवतात. अंगण धुतलेलं दिसतं, पाव्हण्यांना पाय धुवायला बादली भरून देता येते. एकदा आदल्या दिवशी आले होते, तर जमलंच नाही." वर्ग पुन्हा हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी तिला खाली बसायला सांगितलं, चावी खांद्यावर घेतली आणि वर्गाबाहेर पडले. त्यांची सख्खी बहीण त्याच सुखसागरनगरातल्या एका प्लॉटपायी अडचणीत होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

बहिणीचं नाव कमल. अण्णांपेक्षा सहा-सात वर्षांनी धाकटी. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन नाशिककडे गेलेली. कमलताई आमच्या कॉलनीजवळच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. पहाटे पाचला कामावर हजर, त्यामुळे वसतिगृहाच्या जवळच एका खोलीत भाड्यानं राहायच्या. नवऱ्यानं जाण्याआधी सुखसागरनगरात दोन गुंठे घेऊन ठेवले होते, त्यावर आजवर गाजरगवताशिवाय काही उगवलं नव्हतं. आता भाड्याची खोली पाडून तिथे इमारत होणार होती. दिवाळीपर्यंत खोली सोडायची होती. जवळच एका जुन्या इमारतीत एक खोली-स्वयंपाकघर विकायला निघालं होतं आणि कमलताईंचं गणित साधं होतं: दोन गुंठे विकायचे आणि ते घर घ्यायचं. फक्त दोन गुंठ्यांना टेलचा भाव मिळाला तर घर येत नव्हतं. थोडा वरचा मिळाला तर येत होतं.

गिऱ्हाईकही चांगलं आलं. शेजारच्या अकोले तालुक्यातले, धरणाजवळच्या डोंगरात राहणारे एक एसटीचे कंडक्टर, डगळे म्हणून. भाताची शेती भावाकडे टाकून पोरांच्या शिक्षणासाठी संगमनेरात घर बांधायचं त्यांच्या मनात होतं. कमलताईंनी त्यांना बोलावलं, अर्थातच पाण्याच्या दिवशी. आणि आदल्या संध्याकाळी भावाकडे जाऊन दोन शब्द म्हणाल्या, "जरा बघ."

त्या सकाळी आमच्या शिक्षक कॉलनीत नळाला दोरीएवढी धार आली. माझी बायको बादलीजवळ उभी राहून मलाच बोलत होती, जणू मीच टाकीत जाऊन बसलो होतो. शेजारचे निवृत्त हेडमास्तर बनियनवर रस्त्यात येऊन "अण्णा कुठाय? अण्णा कुठाय?" करत होते. अण्णा मुळीच चुकत नसत, म्हणून कुणाचा विश्वासच बसत नव्हता. मी सायकल काढून खाली बघायला गेलो.

सुखसागरनगरात जत्रा भरली होती. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा आमचा वॉल्व्ह दोन फेरे आवळला होता आणि सातवा पुरता उघडला होता. पण टेलच्या त्या जुन्या पाइपानं असं पाणी कधी बघितलेलंच नव्हतं. सांधा सुटला आणि कमलताईंच्या प्लॉटच्या अगदी तोंडाशी दोन पुरुष उंच कारंजं उडालं. पोरं चड्डीवर नाचत होती. बाया हंडे, पिंप, कुकर, डबे, हाताला लागेल ते घेऊन धावल्या होत्या. अण्णा गुडघाभर चिखलात बसून पाइपावर गोणपाट दाबत होते, टोपी वाहून चालली होती, आणि ते ओरडत होते, "कुनीतरी वर पळा, सातवा बंद करा!" पण कुणीच जागचं हलत नव्हतं. एवढं पाणी सोडून कोण जाणार?

डगळे कंडक्टर आणि त्यांची बायको बाजूला उभे होते, अंगावर तुषार घेत. कंडक्टर हसून कमलताईंना म्हणाले, "ताई, ह्ये तर आमच्या धरनाच्या खालीच आल्यावानी झालं! ठरलं बगा, तुमी म्हनता त्या भावानं." लगेच कुठून तरी नारळ आला. इसार परवा द्यायचा ठरला. कमलताईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या दिवशी तिथे सगळ्यांच्याच तोंडावर पाणी असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर अण्णा माझ्या दारात. सायकल नाही, चावी नाही. "सर, तुमच्या गाडीवर अकोल्याला येता का? आत्ता."

वाटेत त्यांनी मागे बसून सगळं सांगितलं. कुणी विचारलं नसताना. "दोन फेरे तुमच्या वॉल्व्हचे मारले. त्ये मी सोमवारी परत करीन तुमाला. पन त्या मानसाला कसं परत करू? त्यो पोराबाळांना घेऊन ऱ्हायला यील आनि पयल्याच पान्याला हंडा लावंल." मी म्हटलं, अण्णा, जमिनीच्या व्यवहारात एवढं तेवढं सगळेच करतात. ते म्हणाले, "करू द्या की. त्यांच्या हातात वॉल्व्ह न्हाई."

डगळ्यांच्या ओसरीवर चहा आला. चहाला हात लावायच्या आधीच अण्णांनी सांगून टाकलं. कालचं पानी तुमच्या नळाचं न्हाई, वरच्या लोकांचं. मी वळवलं. प्लॉटवाली माझी बहीण हाय. तिथं येक दिसाआड पानी येतं, दीड तास, आनि हंडा भरायला मोजून दीडशेच्या वर लागतात. कंडक्टरांना ते उमगायला वेळ लागला. ते एकदा अण्णांकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. उत्तर दिलं ते त्यांच्या बायकोनं, आतल्या दारातून. "धरन आमच्या उशाशी हाय, तरी मी लगीन झाल्यापासून डोक्यावर हंडा घिऊन चढ चढती. येक दिसाआड दारात नळ यीत आसल तर मला लई झालं. जागा घ्यायची."

कंडक्टरांनी मान डोलावली. मग शांतपणे म्हणाले, "जागा घिऊ. पन अण्णा, आता भाव तुमीच सांगा. तुमी खरं सांगितलंय म्हंजी भाव बी खराच सांगाल."

त्यांनी तसं म्हणायला नको होतं. एजंटनं भाव पाडला असता, मीही घासाघीस केली असती, तर अण्णांना दोन पैसे वर धरता आले असते. पण आता बहिणीच्या जागेचा भाव त्यांच्याच तोंडून निघायचा होता, आणि दीडशेच्या हंड्याला काय भाव असतो हे संगमनेरात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. अण्णांनी चहाच्या कपाकडे बघत आकडा सांगितला. टेलचा. एक रुपया वर नाही.

कमलताईंना त्यांनी त्याच संध्याकाळी वसतिगृहाच्या मागच्या दारात सांगितलं. मी गाडी लावून लांब उभा होतो, तरी ऐकू आलं, कारण कमलताई आवाज खाली ठेवण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. हात कणकेनं भरलेले, तसेच पुढे धरलेले. "येक दिस माझा भाऊ झालास, दादा. लगीच दुसऱ्या दिशी परत वॉल्व्हवाला!" अण्णा म्हणाले, "कमे, अगं..." पण तेवढ्यात दार बंद झालं होतं.

व्यवहार झाला, खऱ्या भावानं. जुन्या इमारतीतलं घर दुसऱ्या कुणी घेतलं. कमलताईंनी भावाशी बोलणं टाकलं ते टाकलंच. अण्णा सोमवारी आमचे दोन फेरे परत करून गेले. त्या दिवशी आमच्या अंगणात पूर आला आणि हेडमास्तर पुन्हा बनियनवर रस्त्यात आले, या वेळी आनंदानं. अण्णांचा मात्र विनोद आटला होता. कारंज्याच्या जागी लावलेल्या गुलाबांसमोरूनही ते न थांबता जायचे. मला त्यांचा राग आला होता आणि रागाची लाजही वाटत होती. मी त्यांच्या जागी असतो तर अकोल्याला गेलो नसतो, हे मला पक्कं माहीत होतं.

दिवाळीला पंधरा दिवस राहिले असताना ते परत माझ्याकडे आले. अंगणातच उभे राहून विचारलं, "सर, हक्कसोड उलटं करता येतं का?"

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. ते राहायचे ते घर वडिलांचं, अगदी टाकीच्या पायथ्याला, चार खोल्यांचं. पहिल्या वॉल्व्हच्याही वर, जिथे नळ सोडला की हंडा हातातून निसटायचा. सगळ्या भागात सगळ्यात चढा भाव त्याच जागेचा. वडील गेल्यावर कमलताईंनी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं होतं. कचेरीत जाताना नवी साडी, येताना घरी पुरणपोळी, आणि विषय संपला. बहिणी तशी सही देतातच, भाऊ ती घेतातच, आणि त्यात दिलं काय, घेतलं काय, हे कुणाच्या मनातही येत नाही. "मी गावाला भाव सांगत फिरलो," अण्णा म्हणाले. "तिनं सोडलं त्याचा भाव मला ठावं हुता की न्हाई? वैनीनं काल विचारलं. म्हनली, साडी केवढ्याची हुती हो?" इथे वैनी म्हणजे त्यांची बायको, माझी वैनी म्हणून त्यांनी तसं म्हटलं.

निबंधकाच्या कचेरीबाहेर पत्र्याच्या खोपटात एक म्हातारा दस्तलेखक बसायचा. त्याला अण्णांनी काम सांगितलं तेव्हा तो चष्म्यावरून बघत राहिला. "अण्णा, इतकी वर्सं मी हक्कसोड लिहितोय. बहिणी सोडतात. भाऊ सोडायला आलेला तुमी पहिले. त्याला उलटं काही नसतं. बक्षीसपत्र करावं लागेल." तर बक्षीसपत्र ठरलं. निम्मं घर बहिणीच्या नावे. कमलताईंची सही लागणार होती, म्हणून वैनी जाऊन त्यांना घेऊन आल्या. काय सांगून आणलं ते वैनींनाच ठाऊक. साक्षीदार म्हणून मी होतो. पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली, आणि अण्णांना नीट डोळे भरून पाहिलं ते या दस्ताच्या दुपारीच.

बाकावर ती दोघं दोन टोकांना बसली होती आणि मध्ये वैनी, पिशवी मांडीवर घेऊन. कमलताई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. दस्तलेखकानं मजकूर निम्म्यापर्यंत आणला आणि विचारलं, "चतुःसीमा लिहायच्यात. कोणत्या दोन खोल्या द्यायच्या? पुढच्या का मागच्या?"

"पुढच्या," अण्णा लगेच म्हणाले. ठरवूनच आले होते.

"पुढच्या नको," कमलताई म्हणाल्या. भिंतीकडेच बघत. चार महिन्यांत भावासमोर उच्चारलेला पहिला शब्द. "मागच्या लिवा."

अण्णा बाकावरून अर्धे उठले. "कमे, येडी का काय तू? पुढच्या खोल्या रस्त्याला हायेत. उद्या गाळा काढता यील, भाडं यील. मागं टाकीची भिंत. ऊन न्हाई, वारा न्हाई. एका घरात दोन भाव हायेत, तुला कळत कसं न्हाई? मागच्या खोल्यांना अजिबात भाव न्हाई!"

कमलताईंनी आता मान वळवली आणि भावाकडे पाहिलं.

"मला कुठं इकायच्या हायेत, दादा?"

दस्तलेखकाचं पेन कागदावर थांबलं. पलीकडच्या खोपटातला प्रिंटर तेवढा खरखरत होता. अण्णांनी टोपी काढून तोंडाशी धरली. वैनींनी पिशवी उचलून मांडीवरून खाली ठेवली आणि सरकून बाकाच्या कडेला बसल्या, म्हणजे मधली जागा मोकळी झाली. मग टोपीच्या आडूनच अण्णांचा आवाज आला.

"लिवा. मागच्या."